इमितोसचा ओवा

इंग्रजी भाषेने माझी फजिती पुष्कळदा केली आहे; पण पहिली फजिती माणूस विसरत नाही. १९९७ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावच्या कॉलेजात मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. इंग्रजीचे सर टेनिसन शिकवीत होते. 'इन मेमोरिअम' या दीर्घकाव्यातला एक तुकडा होता. पाऊस पडून गेल्यानंतरच्या हवेचे त्यात वर्णन होते, आणि त्या हवेला कवीने विशेषण लावले होते 'अँब्रोझिअल'. सरांनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिले आणि नेमके मलाच उभे केले.

"सांगा, अँब्रोझिअल हवा म्हणजे कशी हवा?"

शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. पण पाऊस पडून गेला आहे आणि शब्दाच्या तोंडाशी 'अंब्र' आहे, एवढ्या पुराव्यावर मी छातीठोकपणे सांगितले, "सर, छत्री घेऊन बाहेर पडावे अशी!"

वर्ग किती वेळ हसत होता ते सांगत नाही. पुढली तीन वर्षे मला गावात 'छत्री' याच नावाने ओळखत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला : 'अत्यंत स्वादिष्ट, अत्यंत सुगंधी. काव्यात वापरतात.' मग हात झटकीत म्हणाले, "जिभेला आणि नाकाला एकदमच पुरेल असा एखादा मराठी शब्द याला सापडला, तर मला येऊन सांगा."

माझ्या डोक्यात त्या दिवशी जो किडा शिरला तो काही केल्या बाहेर पडेना. 'मधुर' म्हणावे तर ते जिभेपाशी थांबते; 'सुवासिक' म्हणावे तर ते नाकापुढे जात नाही. दोन्हींना पुरणारा एक शब्द आपल्याकडे आहे, 'खमंग'. पण 'पावसानंतरची खमंग हवा' असे लिहिले, तर वाचकाला वाटायचे की शेजारी कांद्याची भजी तळताहेत!

पुढे एम. ए.साठी मी पुण्यात आलो आणि भाषाशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द पुन्हा समोर उभा राहिला. 'अँब्रोझिया' म्हणजे ग्रीक देवांचे अन्न. मूळ ग्रीक शब्द 'अंब्रोतोस'. 'अ' म्हणजे नाही आणि 'ब्रोतोस' म्हणजे मरणारा. जो मरत नाही तो अंब्रोतोस. आणि आपला शब्द? 'अ' म्हणजे नाही, 'मृत' म्हणजे मेलेला. अमृत! दोघे सख्खे भाऊ. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघाले. एक ऑलिंपस पर्वतावर जाऊन राहिला, दुसरा आपल्या समुद्रमंथनातून वर आला.

मग ग्रीक भावाच्या पोटात तो 'ब' कुठून शिरला? त्याचेही उत्तर मराठी माणसाच्या स्वयंपाकघरातच आहे. 'म'वरून 'र'कडे जाताना ओठ उघडण्याच्या गडबडीत मध्येच एक 'ब' उमटून जातो. संस्कृतातल्या 'आम्र'चा आपण 'आंबा' केला आणि 'ताम्र'चे 'तांबे' केले, ते याच वाटेने. ग्रीकांनी अमृताचे जे केले, तेच आपण आंब्याचे केले.

या शोधाच्या धुंदीत वाचनालयातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाशी थबकलो. राजस्थानातून पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी चालविलेली ही दुकाने पुणेकरांना नवी नाहीत. पितळेचे चकचकीत पातेले, खलबत्त्यात कुटले जाणारे आले आणि वेलदोडा, फडक्यातून गाळलेला चहा, आणि वर पाटी : 'अमृततुल्य'. शब्दाच्या शोधात मी कोश पालथे घातले, आणि शब्द रस्त्यावर टांगलेला! त्याच रात्री मी सरांना पत्र लिहिले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच शब्द होते : "शाबास, छत्री."

इथवर सारी गंमत होती. शब्द मला कळला असे मी समजत होतो. तो किती थोडा कळला होता हे समजायला २०२१ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरी सौ. आजारी पडली. सुदैवाने ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी तिने खिडकीतल्या मोगऱ्याचे फूल नाकाशी धरले आणि म्हणाली, "अहो, हा कागदाचा आहे का?"

वास गेला होता, आणि वासाबरोबर चवही गेली होती. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा नाकाचा असतो, हे तेव्हा पुष्कळ घरांनी शिकून घेतले. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढे कळते. पण वरणावरच्या तुपाचे तूपपण कळायला नाकच लागते. काही आठवड्यांनी येईल असे सगळे म्हणत होते. चार महिन्यांनी वास आले, पण भलतेच! कांदा परतायला घेतला की तिला काही सडल्याचा वास येई. कॉफीला जळक्या रबराचा. डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार बाटल्या दिल्या आणि रोज दोन वेळा हुंगून तो तो वास आठवायला सांगितले. सकाळ-संध्याकाळ ती डोळे मिटून चार बाटल्यांपुढे बसे. संध्या करावी तशी.

आणि मला विचारू लागली, "आमटी कशी झालीय हो? वास कसा येतोय?"

मी म्हणायचो, "खमंग."

"खमंग म्हणजे कसा?"

वीस वर्षे मराठी शिकविणारा मी गप्प बसायचो. तेव्हा माझ्या ध्यानात आले की वाईट वासांना आपली भाषा कशी सढळ आहे! खवट, कुबट, आंबूस, करपट, कोंदट, कुजकट. हवे तेवढे घ्या. चांगल्या वासाला मात्र खमंग, दरवळ, घमघमाट, की संपले. पुढे आपण म्हणतो, "अमक्यासारखा." आणि जिच्याकडे ते 'अमके'च उरले नाही, तिला काय सांगायचे?

त्या वर्षीच्या दिवाळीत शेवेत ओवा दोनदा पडला. फराळाला आलेल्या मंडळींनी थट्टा केली, तीही सर्वांबरोबर हसली. रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. ओव्याचा डबा उघडा, आणि ती चिमूट चिमूट तळहातावर चोळून नाकाशी नेत होती. मला पाहून तिने डबा मिटला. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

२०२३च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाचे निमित्त करून, साठवलेले पैसे मोडून, आम्ही ग्रीसची यात्रा काढली. सोबत पुण्या-मुंबईची ३२ माणसे. त्यांच्याबरोबर चिवडा, भडंग, मेथीचे ठेपले आणि लोणच्याच्या सात बरण्या! अथेन्सला अक्रोपोलिस चढलो. पार्थेनॉनचे ते अजस्र खांब पाहून आमच्यातल्या एका आजोबांनी "आमच्या वेरूळचे कैलास एकाच दगडातले आहे," असे ठणकावून सांगितले, तेव्हा कुठे मंडळींच्या जिवात जीव आला.

मी मात्र पूर्वेकडे पाहत होतो. शहराच्या पलीकडे एक लांबच लांब, उघडाबोडका डोंगर आडवा पसरला होता. उंची १०२६ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. पण सूर्य कलला आणि करड्या डोंगराने पाहता पाहता जांभळा शेला पांघरला. पुस्तकांतून ज्याला 'हायमेटस' म्हणतात तो हाच. आजचे ग्रीक त्याला 'इमितोस' म्हणतात. प्राचीन काळापासून हा डोंगर मधासाठी प्रसिद्ध आहे. रानथाइमच्या झुडपांवर पोसलेल्या मधमाश्यांचा तो मध. मधाच्या डोंगराला सौ.ला नेऊन काय करायचे, असेही मनात आले. पण तीच म्हणाली, "उद्या सगळे बाजारात जाणार आहेत. आपण तिकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी बसने कैसारिआनी नावाच्या उपनगराला गेलो. १९२२ साली आशिया मायनरमधून घरदार सोडून आलेल्या ग्रीक निर्वासितांनी ही वस्ती वसविली आहे. तिथून पुढे पाऊलवाटेने चढण. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी मुद्दाम झाडे लावून डोंगराचा हा उतार पुन्हा हिरवा केला आहे; पाइन आणि सायप्रसची सावली वाटभर सोबत करते. अर्ध्या तासाने झाडीत दडलेला एक लहानसा मठ लागला. देऊळ सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे, विटांचे आणि दगडांचे, घुमटाचे. त्याला लावलेले काही खांब त्याहूनही कितीतरी प्राचीन, कुठल्या तरी जुन्या मंदिरातून उचलून आणलेले. मठाच्या भिंतीत दगडी मेंढ्याचे डोके, आणि त्याच्या तोंडातून झऱ्याचे पाणी. आपल्याकडच्या गोमुखाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सौ.ने सवयीने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले.

बाहेर सावलीत बसलो. ठेपल्याचे पुडके सोडले. मला राहवेना, मी होमर सांगू लागलो. कॉलेजच्या मास्तराला समोर एक श्रोता असला की पुरे.

"अगं, तुला वाटेल अँब्रोझिया म्हणजे नुसते पक्वान्न. पण होमरमध्ये ते पुष्कळ ठिकाणी अंगाला लावायचे असते. हीरा देवी ते लावून नटते, तर त्या सुगंधी तेलाचा वास पृथ्वी आणि आकाशभर दरवळतो. पात्रोक्लस मरून पडतो, तेव्हा थेटिस त्याच्या नाकपुड्यांत अँब्रोझिया सोडते. देह नासू नये म्हणून. रात्रीलासुद्धा तो अँब्रोझिअल म्हणतो. चव नंतर आली. आधी होते ते न मरणे."

"नाकात घालतात?" तिने विचारले.

"त्याहून गंमत ऐक. मेनेलाओस आणि त्याचे सोबती सील माशांची कातडी पांघरून समुद्रकाठी दबा धरून बसतात. कातड्यांना अशी दुर्गंधी, की जीव जाईल. तेव्हा एक समुद्रकन्या येऊन प्रत्येकाच्या नाकाखाली अँब्रोझिया ठेवते, आणि ती दुर्गंधी नाहीशी होते."

सौ. जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "होमरच्या घरी कुणाला तरी कोविड झाला असणार."

आम्ही हसलो. ठेपल्याचा कागद गोळा करून ती उठली आणि वाटेच्या कडेच्या खडकाळ उतारावर चार पावले गेली. तिथे गुडघ्याएवढी काटकुळी झुडपे होती. काहींना बारीक जांभळी फुले यायला लागली होती. तीवर माश्यांची गुणगुण. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात झुडपाला लागला की पान तोडल्याशिवाय राहत नाही. तिने एक डहाळी तोडली, तळहातावर चोळली आणि चोळली म्हणून सवयीने नाकाशी नेली.

मी कागद पिशवीत भरीत होतो. मागे वळून पाहिले तर ती तशीच उभी. हात नाकाशी, डोळे मिटलेले.

"काय गं? काही चावले का?"

"अहो," ती म्हणाली, "ओवा."

"काय?"

"ओवा येतोय. ओव्यासारखा. खराखुरा."

मी धावत जाऊन ती डहाळी हुंगली. उन्हाने तापलेल्या त्या पानाला खरोखरच ओव्याच्या जवळचा, तिखट, उबदार वास होता. घरी येऊन मी वाचले : ओव्याच्या वासाचे जे मुख्य द्रव्य, त्याला थायमॉल म्हणतात, थाइमवरूनच ते नाव पडले आहे. थाइमच्या झुडपांत तेच द्रव्य किंवा त्याचे सख्खे भावंड असते. पण त्या वेळी हे शास्त्र मला ठाऊक नव्हते. एवढेच कळत होते, की दोन वर्षे मी तिला "अमक्यासारखा" म्हणून सांगायला धडपडत होतो, आणि आज तिने मला सांगितले होते. ती पुन्हा पुन्हा पाने चोळीत होती. मध्येच डोळे पुसले, आणि ओव्याचाच हात डोळ्याला लागल्यामुळे पाणी आले, असे म्हणाली. मी ते मान्य केले.

दुसऱ्या दिवशी अथेन्सच्या मंडईजवळ, मसाल्यांच्या दुकानांच्या गल्लीत, आम्ही थाइमचा मध घ्यायला शिरलो. दुकानदार म्हातारा होता. त्याने लाकडी काडीवर मध दिला आणि स्वतःच बोटे चुंबून म्हणाला, "अमव्रोसिया!" हल्लीच्या ग्रीकांत 'ब'चा 'व' झाला आहे, शब्द मात्र जिवंत आहे. सौ.ने मध चाखला.

"कसा आहे?" मी विचारले.

"गोड," ती म्हणाली. "नुसता गोड. पुढचे काही नाही." मग माझा पडलेला चेहरा पाहून तीच म्हणाली, "असू द्या. बाटली घ्या. येईल तेव्हा खाऊ."

परतीच्या विमानात तिला झोप येईना, म्हणून उरलेला होमर सांगितला. कॅलिप्सो नावाची अप्सरा ओडिसियसला आपल्या बेटावर सात वर्षे ठेवून घेते. राहिलास तर अमर करीन म्हणते. दोघे समोरासमोर जेवायला बसतात. दासी तिच्यापुढे अँब्रोझिया वाढतात, आणि त्याच्यापुढे माणसाचे साधे अन्न. तो ते साधे अन्न जेवतो आणि सांगतो, मला घरी जायचे आहे. माझी बायको तुझ्याइतकी सुंदर नाही हे मला कळते, तरी मला घरी जायचे आहे.

"हे त्याने घरी येऊन बायकोला सांगितले का?" सौ.ने विचारले.

"कॅलिप्सोने अमर करायचे कबूल केले होते, ते सांगितले. तसे लिहिलेले आहे."

"आणि ती तुझ्याइतकी सुंदर नाही, ते?"

"ते नाही सांगितले."

"शहाणा होता," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याला पहिला मोठा पाऊस झाला. संध्याकाळी उघडीप मिळताच आम्ही एक छत्री घेऊन बाहेर पडलो आणि त्याच कोपऱ्यावरच्या अमृततुल्यसमोर उभे राहिलो. सरांनी शिकविलेली ती कविता मला आठवली. टेनिसनने ती मेलेल्या मित्रासाठी लिहिली, १८५० साली ती प्रसिद्ध झाली. आणि मरणाच्या त्या कवितेत पावसानंतरच्या हवेला त्याने जो शब्द लावला, त्याच्या पोटात 'न मरणे' आहे. सरांनी हे आम्हांला सांगितले होते की नाही, ते आता आठवत नाही. मी बहुधा त्या वेळी छत्रीच्या लाजेत बुडालेला असेन.

सौ.ने कप तोंडाशी नेला आणि थांबली.

"आले लागतेय," ती म्हणाली. "वेलदोडा नाही."

"येईल."

"येईल," ती म्हणाली. मग रस्त्याकडे पाहत तिने विचारले, "मातीचा वास सुटलाय ना? सगळे तसे उभे आहेत."

"सुटलाय."

"मला नाही येत अजून. कसा आहे, सांगा."

मी शब्द शोधू लागलो. अमृततुल्य म्हणालो असतो, तर ते पाटीवरच लिहिलेले होते. मी म्हणालो, "तुझ्या माहेरच्या अंगणात सडा घातल्यावर येतो ना, तसा. पण आत्ता रस्त्यावरच्या डांबराचा थोडा, आणि समोरच्या झाडाच्या ओल्या सालीचा थोडा. आणि कुठे तरी कांदा परततायत."

"कांदा नको," ती म्हणाली. "बाकीचे पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितले. चहा संपेपर्यंत सांगत होतो. यंदाच्या शेवेत ओवा तिने स्वतः घातला आहे, एकदाच, बेताने.